अमेरिकेत फ्लाइट इन्स्ट्रक्टर झालात, कामाची परवानगी संपत आली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई, ठाणे, डोंबिवली, पनवेल इथली बरीच मुलंमुली फ्लोरिडा, टेक्सास, ॲरिझोना किंवा कॅलिफोर्नियात विमान उडवायला शिकतात, तिथेच इन्स्ट्रक्टरचं सर्टिफिकेट काढतात आणि मग कामाच्या परवानगीचे महिने मोजायला लागतात. त्यांच्याकडून आणि त्यांच्या आईवडिलांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

माझं मत आधीच सांगते. उरलेले महिने नुसते तास वाढवण्यात घालवू नका. जेवढे तास झालेत ते भारतात एकही आक्षेप न येता मान्य होतील अशा कागदांनिशी घेऊन या, आणि डीजीसीएच्या (भारताचं विमान वाहतूक नियामक खातं) पेपरांचा अभ्यास तिथे असतानाच सुरू करा. खालच्या बहुतेक उत्तरांमागे हाच विचार आहे. इमिग्रेशनचे नियम सारखे बदलतात, त्यामुळे कुठलाही अर्ज भरण्याआधी शाळेतल्या डीएसओशी (परदेशी विद्यार्थ्यांचे व्हिसाचे कागद बघणारा अधिकारी) बोला आणि प्रकरण गुंतागुंतीचं असेल तर वकील गाठा.

एफएएने (अमेरिकी विमान वाहतूक खातं) मला शिकवायची परवानगी दिली आहे. मग अमेरिकेत नोकरी करायला अडचण कसली?

दोन परवानग्या आहेत आणि त्या दोन वेगळ्या खात्यांकडून मिळतात. तुम्हाला शिकवता येतं का, एवढंच एफएए बघतं: वय १८ पूर्ण, कमर्शियल लायसन्स, इन्स्ट्रुमेंट रेटिंग, लेखी परीक्षा, चेकराइड (प्रत्यक्ष उड्डाणाची परीक्षा). पगार घेऊन काम करायचं की नाही, हे इमिग्रेशन खातं ठरवतं आणि ते तुमच्या व्हिसाच्या प्रकाराकडे बघतं.

एक गोष्ट दिलासा देणारी आहे. डिसेंबर २०२४ पासून एफएएच्या इन्स्ट्रक्टर सर्टिफिकेटवर संपण्याची तारीख छापली जात नाही. दर २४ महिन्यांनी ठरलेल्या मार्गांपैकी एका मार्गाने तुम्ही चालू सरावात असल्याचं दाखवायचं असतं. ऑनलाइन रिफ्रेशर कोर्स हा त्यातलाच एक मार्ग, आणि तो मुंबईत बसून करता येतो. म्हणजे परत आलात तरी सर्टिफिकेट हातचं जात नाही.

मी एम-१ व्हिसावर आहे. मला किती महिने काम करता येईल?

फार थोडे. एम-१ (व्यावसायिक कोर्सचा विद्यार्थी व्हिसा) वर शिकत असताना काम करता येतच नाही. कोर्स पूर्ण झाल्यावर शिक्षणाच्या दर चार महिन्यांमागे एक महिना प्रॅक्टिकल ट्रेनिंग मिळतं आणि त्याची कमाल मर्यादा सहा महिने आहे. बारा महिने शिकलात तर तीन महिने. आठ महिन्यांत झपाट्याने सगळं उरकलंत तर दोनच. लवकर संपवलं म्हणून घरी कौतुक होतं, पण कामाचे महिने त्यामुळेच घटतात हे कुणी आधी सांगत नाही.

अर्ज कोर्स संपण्याआधीच करायचा असतो आणि कामाच्या परवानगीचं कार्ड हातात पडेपर्यंत एकही स्टुडंट घ्यायचा नाही. एम-१ वरून अमेरिकेतच राहून एफ-१ (शैक्षणिक अभ्यासक्रमाचा विद्यार्थी व्हिसा) वर जाता येत नाही. ज्या एच-१बी (पदवीधरांचा नोकरीचा व्हिसा) नोकरीची पात्रता एम-१ वरच्या शिक्षणामुळे मिळाली असेल, त्या एच-१बीवर आत राहून बदलही करता येत नाही. ही वाट आखूड आहे असं धरूनच हिशेब मांडा.

आणि एफ-१ वर?

कोर्स संपल्यावर ओपीटी म्हणून १२ महिन्यांची कामाची परवानगी मिळते. काम शिक्षणाशी थेट संबंधित हवं; फ्लाइट इन्स्ट्रक्टरचं काम त्यात बसतं. अर्ज कोर्स संपण्याच्या ९० दिवस आधीपासून ते संपल्यानंतर ६० दिवसांपर्यंत करता येतो. माझा आग्रह पहिल्याच दिवशी करण्याचा आहे, कारण कार्ड यायला महिने लागू शकतात आणि तेवढ्यात शाळेतली जागा दुसऱ्याला जाते.

ओपीटीत एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. पावसाने किंवा वादळाने शाळा दोन आठवडे बंद पडली तर घाबरू नका, नोकरी चालूच असते. मात्र शाळेने कामावरून काढलं तर त्या दिवसापासून मोजणी सुरू होते. डीएसओला लगेच कळवा.

स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) शाखांना मिळणारे आणखी २४ महिने तुम्हाला मिळतील का, हे आय-२० (शाळेने दिलेला प्रवेशाचा कागद) वरच्या अभ्यासक्रमाच्या कोडवर ठरतं. विमानाशी संबंधित पदवी आहे म्हणजे ती स्टेममध्येच असेल, असं नाही. कोड वाचा, सरकारी यादीशी ताडून बघा आणि शाळेच्या जाहिरातीवर विसंबू नका.

पगार न घेता नुसते तास घेतले तर चालेल ना?

नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याच चुकीने मुलं अडकतात. ज्या कामाचे एरवी पैसे मिळतात ते काम फुकट केलं तरी इमिग्रेशनच्या नजरेत ती नोकरी ठरू शकते. शिवाय विमानात बसून फुकट मिळालेले तास हा सुद्धा मोबदला असतो, अशी भूमिका एफएएने अनेकदा घेतली आहे.

कार्ड हातात असताना गोष्ट वेगळी. साध्या ओपीटीत आठवड्याला किमान २० तासांचं बिनपगारी काम मोजलं जातं. कार्ड नसेल तर मित्राच्या विमानातही इन्स्ट्रक्टर म्हणून सही करू नका. तुमच्या सहीखाली तारीख असते, आणि तुमची कामाची परवानगी कुठल्या तारखेला सुरू झाली तेही नोंदलेलं असतं. पुढे कधी बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीच्या खिडकीपाशी कुणी या दोन तारखा शेजारी ठेवल्या, तर उत्तर देता येणार नाही.

एच-१बी किंवा ग्रीन कार्डची काही आशा?

एच-१बीसाठी त्या पदाला विशिष्ट विषयातली पदवी अत्यावश्यक असावी लागते. इन्स्ट्रक्टर व्हायला एफएए पदवी मागत नाही, त्यामुळे हे पद तिथे सहसा टिकत नाही. वर्षाला ६५,००० आणि अमेरिकी मास्टर्सवाल्यांसाठी आणखी २०,००० एवढीच मर्यादा, त्यात लॉटरी. सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने अमेरिकेबाहेरच्या उमेदवारासाठी केलेल्या नव्या अर्जावर एक लाख डॉलरचं शुल्क लावलं. एखाद्या फ्लाइंग स्कूलने एका इन्स्ट्रक्टरसाठी एवढे पैसे भरावेत, अशी अपेक्षा करण्यात अर्थ नाही.

एनआयडब्ल्यू (राष्ट्रहिताच्या कारणाने, नोकरी देणाऱ्याशिवाय करायचा अर्ज) नावाच्या मार्गाने वैमानिकांनी ग्रीन कार्डचे अर्ज केले आहेत. पण भारतात जन्मलेल्यांची त्या वर्गातली रांग २०२५ मध्ये २०१३ च्या आसपासच्या अर्जांवर रेंगाळत होती. अर्ज मंजूर होणं वेगळं आणि कार्ड मिळणं वेगळं. ऑस्ट्रेलियनांचा ई-३, गुंतवणूकदारांचा ई-२, व्हिसाची सोडत: यातलं काहीच भारतीय नागरिकाला लागू नाही. ‘शंभर टक्के ग्रीन कार्ड’ असं म्हणून आगाऊ पैसे मागणारा एजंट भेटला तर तिथून सरळ उठा.

दीड हजार तास झाले की अमेरिकेतल्या रीजनल एअरलाइनमध्ये जाता येईल, असं सीनियर म्हणतात.

अमेरिकी एटीपीसाठी (एअरलाइन पायलटचं लायसन्स) १,५०० तास लागतात. मान्य विद्यापीठाची एव्हिएशन पदवी असेल तर १,००० वर सवलतीचं एटीपी मिळतं. इथवर सीनियरचं बरोबर आहे. पण तिथल्या एअरलाइन अमेरिकेत कायम काम करण्याचा विनाअट हक्क मागतात. ओपीटीचे चार महिने उरलेल्या माणसाला टाइप रेटिंग (ठरावीक प्रकारचं विमान उडवण्याची पात्रता) देण्यात त्यांना रस नसतो.

आता तासांचा हिशेब बघा. कोर्स संपताना २५० तास असतात. चांगल्या हवेच्या राज्यात, भरपूर स्टुडंट असलेल्या शाळेत महिन्याला ६० ते ८० तास होतात असं धरलं, तरी वर्षात १,०००च्या आसपास पोहोचाल. म्हणजे एफ-१ वाल्याचाही आकडा बहुधा अपुराच राहतो, आणि पूर्ण झाला तरी तिथली नोकरी मिळत नाही. एवढ्यासाठी शेवटचे महिने रात्रंदिवस राबून स्वतःला थकवणं मला पटत नाही. दमलेला इन्स्ट्रक्टर शेजारी बसलेल्या शिकाऊ मुलाच्या जिवाशीही खेळत असतो.

एक कोर्स संपला की दुसऱ्याला नाव घालून राहत गेलं तर?

वरच्या पातळीची पदवी घेतली, म्हणजे बॅचलर्सनंतर मास्टर्स, तर नव्याने १२ महिने ओपीटी मिळू शकतं. शिकायची खरी इच्छा आणि पैसे असतील तर हा रास्त मार्ग आहे. पण पहिल्या दिवसापासून सीपीटीवर (कोर्स चालू असतानाची कामाची परवानगी) नोकरी देणारी कॉलेजं निवडताना दहादा विचार करा. पूर्णवेळ सीपीटी १२ महिने घेतलं की त्या पातळीचं ओपीटी हातातून जातं, आणि वर्गात न जाता नुसती नोकरी केल्याचं दिसलं तर पुढचा व्हिसाही.

मुदत संपल्यावर थोडे दिवस जास्त राहिलं तर काय होतं?

एफ-१ ला निघायला ६० दिवस मिळतात, एम-१ ला ३०. एम-१ च्या आय-९४ वर (अमेरिकेत शिरतानाची नोंद) पक्की तारीख असते आणि ती ओलांडली की बेकायदा वास्तव्याचे दिवस मोजायला लागतात. १८० दिवसांच्या वर राहून बाहेर पडलात तर तीन वर्षं प्रवेशबंदी, एका वर्षाच्या वर गेलात तर दहा. राहू नका.

ओपीटी चालू असताना गणपतीला घरी येऊन जाऊ का?

पासपोर्टवरचा व्हिसा अजून चालू असेल, कार्ड आणि नोकरीचं पत्र हातात असेल आणि आय-२० वर प्रवासाची ताजी सही असेल, तर या. व्हिसाचा शिक्का संपला असेल तर बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीत पुन्हा मुलाखत द्यावी लागेल, आणि तारीख मिळेपर्यंत ओपीटी इथेच बसून संपत जाईल. सप्टेंबर २०२५ पासून मुलाखतीची सूट बरीच कमी झाली आणि अर्ज आपल्याच देशातून करा असं सांगितलं गेलं. दुबईत किंवा मेक्सिकोत पटकन शिक्का मारून घ्यायचा जुना उपाय त्यामुळे धरून चालता येत नाही. आईला वाईट वाटेल, पण व्हिसा संपलेला असेल तर त्या वर्षी आरती व्हिडिओ कॉलवर करा.

परत आल्यावर तिथले इन्स्ट्रक्शनचे तास डीजीसीए धरतं का?

इन्स्ट्रक्टर म्हणून उडालेले तास पायलट-इन-कमांडचे (विमानाची जबाबदारी ज्याच्यावर असते तो वैमानिक) धरले जातात. भारतात सीपीएलला (कमर्शियल पायलट लायसन्स) एकूण २०० तास लागतात, म्हणजे तासांची बेरीज ही तुमची अडचण नसते. अडचण येते ती तासांच्या स्वरूपात आणि पुराव्यात.

सगळ्यात जास्त आक्षेप सेफ्टी पायलटच्या तासांवर येतात. अमेरिकेत एक जण डोळ्यांवर हूड लावून उडवतो, दुसरा बाहेर बघतो आणि दोघेही तोच तास कमांडचा म्हणून लिहू शकतात. आपल्याकडे त्या तासांवर विसंबून अर्ज करू नका. ते वेगळे काढा आणि त्यांच्याशिवाय तुमची बेरीज पुरते का ते बघा. क्रॉस-कंट्रीत ३०० नॉटिकल मैलांचं एक उड्डाण लागतं, वाटेत दोन वेगवेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून. ते लॉगबुकात स्पष्ट दिसायला हवं. रात्रीच्या उड्डाणांची आणि इन्स्ट्रुमेंटच्या तासांची अटही ताडून बघा, विशेषतः त्यातले किती तास सिम्युलेटरवरचे आहेत ते. काही कमी पडत असेल तर ते अमेरिकेत असतानाच भरून काढा. तिथे भाड्याचं विमान संध्याकाळी मिळतं. इथे त्या दोन तासांसाठी एखाद्या शाळेत नाव नोंदवून आठवडे थांबावं लागतं.

लॉगबुकात नेमकं काय सांभाळायचं?

गेल्या पावसाळ्यात एका मुलाचं लॉगबुक माझ्यासमोर टेबलावर उघडं होतं. अक्षर सुरेख, उड्डाणं भरपूर. सेसना १७२, १.३ तास, टचअँडगो, पुन्हा १.१ तास. पण अकरा पानांखालच्या बेरजा पेन्सिलीत होत्या आणि एकाही पानाखाली शाळेची सही नव्हती. तीन ठिकाणी विमानाचा नोंदणी क्रमांक शाळेच्या बिलावरच्या क्रमांकाशी जुळत नव्हता. मुलगा प्रामाणिक होता, तास खरे होते. पण शाळेतल्या ज्या माणसाने सही करायची, त्याने नोकरी बदलली होती आणि नवा मॅनेजर ईमेलला उत्तर देत नव्हता. एका सहीसाठी त्याचा अर्ज अडून बसला.

म्हणून दर महिन्याच्या शेवटी पानाची बेरीज पेनाने लिहा आणि चीफ इन्स्ट्रक्टरची सही, सर्टिफिकेट क्रमांकासह, तिथल्या तिथे घ्या. ॲपमध्ये नोंदी ठेवत असाल तर ठेवा, पण छापील प्रतीवरही सही घ्या. विमानांची बिलं, डिस्पॅचच्या नोंदी, चेकराइडचे निकाल, स्टुडंटना दिलेल्या एन्डॉर्समेंटच्या नोंदी यांच्या प्रती काढून ठेवा. निघण्याआधी शाळेच्या लेटरहेडवर तासांचं प्रकारवार पत्र घ्या: एकूण, कमांड, क्रॉस-कंट्री, रात्र, इन्स्ट्रुमेंट, मल्टी-इंजिन. शाळा बंद पडतात, मालक बदलतात. तुम्ही तिथे समोर उभे असताना जे काम दहा मिनिटांत होतं, ते मुंबईतून करायला ऋतू उलटतो.

लायसन्स खरं आहे याची खात्री डीजीसीए एफएएकडून करून घेतं. ते काम ओक्लाहोमा सिटीतलं त्यांचं कार्यालय बघतं. आणखी एक नवा नियम लक्षात ठेवा. एफएएकडे तुमचा पत्ता परदेशातला असेल आणि अमेरिकेतला पत्ता नोंदलेला नसेल, तर तिथला एक प्रतिनिधी नेमून कळवावा लागतो. आधीच सर्टिफिकेट असणाऱ्यांसाठी त्याची मुदत जुलै २०२५ होती. मुंबईचा पत्ता टाकण्याआधी प्रतिनिधीची सोय करा, नाहीतर सर्टिफिकेट वापरता येणार नाही.

भारतीय लायसन्ससाठी काय क्रमाने करायचं?

कॉम्प्युटर नंबरपासून (डीजीसीएच्या परीक्षेला बसायला लागणारा क्रमांक) सुरुवात. त्यासाठी बारावीचं व्हेरिफिकेशन लागतं. आपल्या मुलांचं ते वाशीच्या बोर्डातून होतं आणि घरचं कुणीही त्याच्या मागे लागू शकतं. तुम्ही तिथे असतानाच आईबाबांना हे काम सांगा. बारावीला फिजिक्स किंवा मॅथ्स नसेल तर एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त शाळा) तो विषय काढावा लागतो, तो विचार आधी.

परदेशी लायसन्स असणाऱ्यांना एअर रेग्युलेशन्स आणि नेव्हिगेशन-हवामान एकत्र असलेला कॉम्पोझिट, हे पेपर काढायचे असतात. उत्तीर्ण व्हायला ७० टक्के लागतात. उडण्याचा अनुभव आहे म्हणून अभ्यास नको, असं समजू नका. हजार तासांचे इन्स्ट्रक्टर रेग्युलेशन्समध्ये आपटतात, कारण त्यांच्या डोक्यात अमेरिकी नियम पक्के बसलेले असतात. शिवाय मान्सून, वेस्टर्न डिस्टर्बन्स, नॉर्वेस्टर हे फिनिक्सच्या आकाशात शिकायला मिळत नाहीत.

याशिवाय क्लास १ मेडिकल, रेडिओ टेलिफोनीची आरटीआर परीक्षा, आणि बहुतेकांना एखाद्या भारतीय फ्लाइंग स्कूलमध्ये स्किल टेस्ट. आरटीआर पूर्वी दूरसंचार खात्याकडे होती; भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ आल्यावर ती डीजीसीएकडे गेली. जुने सल्ले वाचताना हे ध्यानात ठेवा. यातलं मेडिकल मात्र सगळ्यात आधी करा. रंगांधळेपणा किंवा हृदयाच्या आलेखातली एखादी शंका निघाली, तर बाकीचा खर्च करण्याआधी कळलेलं बरं.

आणि अलीकडच्या महिन्यांतलं उड्डाण लागतं. परत आल्यावर वर्षभर नुसता अभ्यास केला, तर पुन्हा पैसे मोजून तास उडावे लागतात.

भारतात इन्स्ट्रक्टर म्हणून काम मिळेल? तेही मुंबईत?

भारतात मिळेल, मुंबईत नाही. बॉम्बे फ्लाइंग क्लब १९२८ मध्ये जुहूला सुरू झाला आणि जे. आर. डी. टाटांनी १९२९ मध्ये तिथूनच लायसन्स मिळवलं. पण आज मुंबईच्या आकाशात शिकाऊ विमानांना जागा नाही. क्लबचं उड्डाणही धुळ्याला चालतं. महाराष्ट्रात शिकवायचं तर धुळे, बारामती, गोंदिया, जळगाव. तिथे राहायची तयारी हवी, आणि मला ती खूप चांगली वाटते. धुळ्याच्या धावपट्टीवर सकाळी साडेसहाला शिकाऊ मुलांची रांग लागलेली असते आणि शिकवणारे कमी पडतात. तुम्ही शंभरेक लँडिंग दुसऱ्याच्या हातून होताना सांभाळलेली असतात, त्याची तिथे किंमत होते.

एफएएचं इन्स्ट्रक्टर सर्टिफिकेट इथे तसंच्या तसं चालत नाही. भारतीय सीपीएल, मग असिस्टंट फ्लाइट इन्स्ट्रक्टर रेटिंग, मग पूर्ण रेटिंग. असिस्टंट असताना वरिष्ठाच्या देखरेखीखाली शिकवायचं असतं आणि स्टुडंटला पहिल्या सोलोला (एकट्याने उड्डाण) सोडण्याचा अधिकार नसतो. ज्याने अमेरिकेत वीस जणांना सोलो पाठवलंय त्याला हे बोचतं. तरी ती पायरी चढा. नोकरीच्या बोलणीतच विचारून घ्या: रेटिंगचा खर्च कोण करणार, बाँड किती वर्षांचा, महिन्याला किमान किती तास. बाँडची प्रत घरी आणून वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका.

थेट एअरलाइनमध्ये अर्ज करू का?

करा, पण त्याच्याच भरवशावर बसू नका. एअर इंडियाने २०२३ मध्ये ४७० विमानांची मागणी नोंदवली, इंडिगोने त्याच वर्षी ५०० ची, त्यामुळे घरोघरी वाटतं की पायलट झालं की नोकरी ठेवलेलीच. त्याच २०२३ मध्ये डीजीसीएने १,६२२ सीपीएल दिली. विमानं वर्षानुवर्षं टप्प्याटप्प्याने येतात आणि लायसन्सवाले आत्ता रांगेत आहेत.

भरती निघाली की लेखी परीक्षा, मानसिक क्षमता चाचणी, सिम्युलेटर, मुलाखत. दोनशे तासांचा मुलगा आणि हजार तासांचा इन्स्ट्रक्टर लेखी परीक्षेला एकाच बाकावर असतात. तुमचा अनुभव चमकतो तो सिम्युलेटरमध्ये आणि मुलाखतीत, तिथवर पोहोचलात तर. एखाद्या स्टुडंटने फ्लेअर (उतरताना विमानाचं नाक उचलणं) चुकवला तेव्हा तुम्ही कंट्रोल कधी घेतलात आणि कधी मुद्दाम घेतले नाहीत, हे नीट सांगता आलं पाहिजे. आणि नोकरीची लेखी ऑफर नसताना स्वतःच्या पैशाने ए-३२० चं टाइप रेटिंग करण्याच्या मी ठाम विरोधात आहे. लाखो रुपये जातात, आणि सराव नसेल तर रेटिंगही शिळं होतं.

पेपर निघेपर्यंत घर कसं चालवायचं?

शिकवा. अंधेरी आणि आसपासच्या ग्राउंड क्लासेसना नेव्हिगेशन, हवामान आणि टेक्निकल समजावून सांगणारी माणसं लागतात, आणि शिकवता शिकवता स्वतःचाही अभ्यास पक्का होतो. एफएएचं ग्राउंड इन्स्ट्रक्टर सर्टिफिकेट असेल तर अमेरिकी स्टुडंटना मुंबईतून ऑनलाइन थिअरी शिकवता येते. काम भारतात बसून होत असल्यामुळे अमेरिकी व्हिसाचा प्रश्न येत नाही. उत्पन्न मात्र इथल्या विवरणपत्रात दाखवा. याशिवाय एअरलाइनच्या ऑपरेशन्स कंट्रोलमध्ये, डिस्पॅचमध्ये, सेफ्टी विभागात, सिम्युलेटर केंद्रांत कामं असतात. ही खालची कामं नाहीत. रात्री दोन वाजता धुक्यात अडकलेली सहा विमानं कुठे वळवायची हे ठरवणाऱ्या खोलीत वर्षभर बसलेला माणूस पुढे चांगला कॅप्टन होतो.

कॅनडा, आखात, युरोप?

कॅनडात फ्लाइंग स्कूलच्या पदवीधरांसाठी शिक्षणोत्तर वर्क परमिटची खास तरतूद आहे. तिथलं कमर्शियल लायसन्स असेल, किंवा इन्स्ट्रक्टर रेटिंग असून मान्य शाळेची नोकरी असेल, तर विचार होतो. पण त्यासाठी शिक्षण तिथलं हवं. एफएएचं पायलट लायसन्स कॅनेडियन करून घ्यायला सोपी पद्धत आहे. इन्स्ट्रक्टर रेटिंग त्यात येत नाही.

युरोपात १३ थिअरी पेपर नव्याने. आखातात व्हिसा नोकरी देणारी संस्था काढते, त्यामुळे कागदोपत्री सोपं, पण बहुधा मुरलेले इन्स्ट्रक्टर मागतात. तीनशे तासांवर तिथे अर्ज करत बसण्यापेक्षा दोन वर्षं भारतात शिकवून मग करा.

अमेरिकेतल्या पगारातून कापलेले पैसे परत मिळतात का?

एफ-१ आणि एम-१ वर पहिली पाच कॅलेंडर वर्षं तुम्ही करासाठी सहसा अनिवासी असता आणि सोशल सिक्युरिटी व मेडिकेअर कापायचं नसतं. लहान शाळांच्या हिशेबनीसांना हे बरेचदा माहीत नसतं. पहिलीच पे-स्लिप बघा, कपात दिसली तर लेखी मागा. भारत-अमेरिका करारामुळे भारतीय विद्यार्थ्यांना स्टँडर्ड डिडक्शनही घेता येतं.

कर्जाचा हप्ता सुरू झालाय आणि लायसन्स हातात नाही. बँकेला काय सांगू?

हप्ता चुकण्याआधी शाखेत जा. कॉम्प्युटर नंबर, परीक्षेचं वेळापत्रक, मेडिकलचा निकाल असे कागद घेऊन गेलात तर हप्त्याची फेररचना किंवा मुदतवाढ मागता येते. थकल्यानंतर तेच बोलणं फार कठीण जातं, आणि सहकर्जदार म्हणून सही बाबांची असते. त्यांच्यापासून काही लपवू नका. या काळात घरात होणारी भांडणं पैशांपेक्षा न सांगितलेल्या गोष्टींवरून होतात.

मी अजून गेलोच नाही. आत्ता काय बघून शाळा निवडू?

ती एम-१ देते की एफ-१, हे पहिलं. दुसरं, मागच्या बॅचमधल्या किती भारतीय मुलांना त्याच शाळेने इन्स्ट्रक्टर म्हणून घेतलं. दोघा-तिघांचे नंबर मागा आणि रात्री फोन करा, तेव्हा तिकडे सकाळ असते. तिसरं, निघण्याआधी भारतात क्लास १ मेडिकल आणि जमतील तेवढे डीजीसीएचे पेपर उरका, निकालाची मुदत किती ते बघून. पेपर खिशात असलेला मुलगा ओपीटी संपल्यावर विमानातून उतरतो तेव्हा त्याला मुख्यतः कन्व्हर्जनचा (लायसन्स भारतीय करून घेण्याचा) अर्ज भरायचा असतो.